उन्हाचा वाटा

आमच्या चिकोडी-निपाणी भागात तंबाखू उन्हात वाळते; विड्या वळणाऱ्या भगिनी मात्र दिवसभर छपराखाली बसतात. हाडांना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व मुख्यतः उन्हाने त्वचेत तयार होते. ते कमी पडल्यास मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे दुखरी व कमकुवत होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोज ६०० एकके ठरविली. भाजी-भाकरीतून ती मिळत नाहीत. अकरा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास हातापायांवर ऊन घ्यावे. काचेआडचे उपयोगी नाही. पण मजुरी हजार विड्यांवर मिळते, तेथे नुसता उपदेश व्यर्थ. तेवढा वेळ घरच्या पुरुषांनी पाने कापून द्यावीत, असे आम्हांस वाटते. म्हाताऱ्यांनाही अंगणात आणावे. ऊन देवाने फुकट दिले आहे; सवड आपण द्यायची आहे.