‘शाळा’ : दुसरें वाचन

कांहीं पुस्तकें एकदां वाचून कपाटांत ठेवावीं आणि त्यांच्याविषयींचा गोड समज जपून असावें, हेंच श्रेयस्कर असतें. पुन्हां उघडलीं कीं तीं मनांतून उतरतात. श्री. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी गेल्या पंधरवड्यांत आम्हीं पुन्हां हातीं घेतली ती ही धास्ती बाळगूनच. २००४ सालीं मौज प्रकाशन गृहानें ती प्रसिद्ध केली तेव्हां वाचतांना आम्हांस आमचेच शाळेचे दिवस दिसले होते. आणि स्वतःचे दिवस दिसूं लागल्यावर लेखकाच्या गुणदोषांकडे पाहण्याइतकी दृष्टि कोणाची शाबूत राहते?

ज्या वाचकांस कथानक ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. इयत्ता नववींतला मुकुंद जोशी आपली हकीकत आपणच सांगतो. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे सोबती. एका अर्धवट बांधलेल्या इमारतींत या चौकडीचा अड्डा जमतो, आणि गप्पांचा विषय बहुतेक एकच : वर्गांतल्या मुली. मुकुंदाचें मन शिरोडकर नांवाच्या मुलीवर जडलेलें आहे. काळ आणीबाणीचा, म्हणजे जून १९७५ ते मार्च १९७७ या एकवीस महिन्यांतला. अकरावीची जुनी परीक्षा जाऊन दहावीची शालान्त परीक्षा नुकतीच सुरू झालेली. त्यामुळें नववींतल्या मुलाला पुढच्या वर्षाची धास्ती घरांतून आतांच घातली जात असे.

घटना म्हणाव्या तर थोड्या. शाळेच्या वाटेवर ती कोणत्या बाजूनें येते, आज तिनें वर पाहिलें कीं नाहीं, पाहिलें तें आपल्याकडेच कीं मागच्या कोणाकडे, एवढ्यावर या मुलाचा दिवस उगवतो आणि मावळतो. प्रेम हा शब्द फार मोठा. मुलांच्या बोलींत त्यासाठीं ‘लाइन’ असा एक रोकडा शब्द आहे, तो पुरतो. इतर कादंबऱ्यांतून नायक-नायिका पानेंच्या पानें बोलत असतात, त्यापेक्षां हें न बोलणें आम्हांस अधिक खरें वाटलें. आणि ती मुलगी आडनांवानेंच ओळखली जाते, हेंही किती खरें ! हजेरीच्या वेळीं पुकारलें जाणारें आडनांव हेंच आपल्याकडे मुलीचें नांव होऊन बसतें, आणि कोणाच्या तरी वहीच्या शेवटच्या पानावर तेंच गिरविलें जातें.

पहिल्या वाचनीं आमचें सारें लक्ष या शिरोडकरकडे होतें. या खेपेस तें सुऱ्यानें ओढून घेतलें. सुऱ्या दांडगा, मनांत येईल तें करून मोकळा होणारा. जिला मुलें केवडा म्हणतात ती मुलगी त्याच्या मनांत भरते आणि तिला तो सरळ विचारतो. मग तक्रार होते, प्रकरण शाळेच्या वरिष्ठांपर्यंत जातें, आणि दोस्ताबरोबर मुकुंदाचेंही नांव त्यांत ओढलें जातें. येथें कादंबरी एकदम वजनदार होते. पोरांच्या थट्टेंत चाललेली गोष्ट मोठ्यांच्या भाषेंत उतरली कीं गुन्हा ठरते. आणि त्या दोन भाषा बोलणारीं माणसें रोज एकाच पंक्तीला जेवावयास बसत असतात. मुकुंदाच्या सुदैवानें त्याला एक नरूमामा आहे. ज्याच्यापाशीं असलें कांहीं बोलतां येतें, असा वडीलधारा. एकत्र कुटुंबांत काका, मामा, आत्या यांची वाण नसते. तरी असा एक माणूस प्रत्येक घरांत असतोच असें नाहीं.

हें पुस्तक घरांतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरींही पडला. थोरल्या वहिनींचें म्हणणें असें कीं, त्यांतली भाषा शिव्यांची, मास्तरांना ठेवलेलीं नांवें, आणि एकंदर उद्योग अभ्यास सोडून भलताच. तेव्हां तें वरच्या फळीवर राहिलेलें बरें. त्यांच्या काळजीला आम्ही हंसलों नाहीं. परंतु जी भाषा मुलगा मधल्या सुटींत रोज ऐकतो ती पुस्तकांत लपवून काय साधणार ? पुस्तक खालच्या फळीवर आलें.

खरा आक्षेप निघाला तो वेगळ्याच बाजूनें. नववींत शिकणाऱ्या आमच्या पुतणीनें तें तीन दिवसांत संपविलें आणि विचारलें, “काका, रोज मागें मागें येणाऱ्या मुलाची तिला भीति नसेल का हो वाटत ?”

या प्रश्नानें आम्हांस पुन्हां पानें उलटावयास लाविलें. सारी कथा मुकुंदाच्या डोळ्यांनीं दिसते. शिरोडकरला काय वाटतें तें तिच्या थोडक्या बोलण्यावरून आपण ताडावयाचें. मुकुंद भिडस्त आहे, मनाचा चांगला आहे, हें वाचकाला ठाऊक. रस्त्यानें पुढें चाललेल्या मुलीला तें कसें ठाऊक असावें? आमच्या मतें हा कादंबरीचा दोष नव्हे. शाळकरी मुलगा सांगणार तो त्याला दिसतें तेवढेंच, आणि बोकिलांनीं त्याला वयापेक्षां शहाणा केलेलें नाहीं, हीच त्यांची करामत. परंतु केवड्याची तक्रार म्हणजे नुसती चुगली नव्हे, भांबावलेल्या मुलीला सुचलेला तो एकच मार्ग होता, असेंही तीं पानें वाचतां येतात. दहावींतला आमचा भाचा हें सारें ऐकत होता. तो कांहीं बोलला नाहीं. रात्रीं पुस्तक त्याच्या उशाशीं दिसलें.

श्री. सुजय डहाके यांनीं या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटास २०११ सालासाठींचा मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर शिरोडकरचा चेहरा प्रत्यक्ष दिसतो, ही त्याची सोय आणि हीच अडचणही. पुस्तकांत तो ज्याचा त्याचा असतो. ज्यांनीं केवळ चित्रपट पाहिला आहे त्यांनीं ‘शाळा’ वाचावयाची राहिली आहे असेंच समजावें.

शेवट मात्र दुसऱ्या वाचनांतही तितकाच लागला. नववीचें वर्ष सरतें, आणि शिरोडकर गांव सोडून गेलेली असते. चौकडीही पूर्वीसारखी उरत नाहीं. बाहेर केवढी उलथापालथ चाललेली ! वर्तमानपत्रांवर नियंत्रण, पुढारी तुरुंगांत. त्या मुलाच्या लेखीं त्या वर्षीं घडलेली मोठी गोष्ट ही एकच, आणि तीही जेवतांना कोणाला सांगण्याजोगी नव्हे. समोर असते ती दहावी.