गच्चीवरचा चंद्र

मी मुंबईच्या कुर्ला उपनगरात राहतो. आमच्या गच्चीवरून रात्री तारे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरतात. रस्त्यावरचे दिवे, धूळ आणि धूर यांमुळे आकाश फिकट दिसते. म्हणून लोक म्हणतात, "चंद्राचा फोटो काढायचा, तर गावाकडे जा." मला हे मत पटत नाही.

तारे आपल्याला मंद दिसतात, म्हणून ते शहराच्या उजेडात हरवतात. चंद्राचे तसे नाही. त्याच्या उजळ भागावर सूर्याचे ऊन पडलेले असते. शहराचे दिवे त्याला झाकू शकत नाहीत. 1840 साली जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे छायाचित्र घेतले, तेही न्यूयॉर्कसारख्या शहरातील एका छपरावरून!

सुरुवातीला मीही चुकलो. मी 300 मिलिमीटरची एक जुनी टेलिफोटो लेन्स विकत घेतली. ही लेन्स दूरची वस्तू जवळ असल्यासारखी मोठी दाखवते. पण माझ्या पहिल्या फोटोत चंद्राऐवजी नुसता पांढरा ठिपका आला. मी शहराच्या दिव्यांना दोष दिला. खरे तर दोष माझाच होता. कॅमेऱ्याला काळे आकाशच जास्त दिसले, म्हणून त्याने फार वेळ प्रकाश आत घेतला. मग मी ती वेळ स्वतः ठरवली : सेकंदाचा शंभरावा भाग. कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर, तांदळाच्या पिशवीवर टेकवला. बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावला. या वेळी चंद्रावरचे खड्डे दिसले!

आणखी एक गोष्ट मी शिकलो. पौर्णिमेला चंद्रावर समोरून ऊन पडते, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि चंद्र सपाट वाटतो. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ लांब सावल्या पडतात. तिथे डोंगर आणि खड्डे उठून दिसतात. ईदचा चंद्र पाहायला आपण सारे गच्चीवर जातो. हिजरी महिन्याच्या सातव्या तारखेच्या आसपास मात्र कोणी जात नाही. त्या संध्याकाळी चंद्र अर्धा असतो आणि आकाशात उंचावर असतो.

एकदा एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. तो म्हणाला, "सर, माझा चंद्र तुमच्यापेक्षा चांगला आहे." फोटो खरोखर सुंदर होता. पण काही मोबाइल चंद्र ओळखतात आणि लेन्सला न दिसलेले बारकावे स्वतःच भरतात. 2023 साली एकाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र लावले आणि मोबाइलने त्याचा फोटो काढला. त्या फोटोत पडद्यावर नसलेले बारकावेही आले!

असा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही. पण चंद्र समजून घ्यायचा असेल, तर मला माझा थोडा अस्पष्ट फोटोच प्रिय आहे. त्यात जेवढे आहे, तेवढे चंद्रावरून आलेल्या प्रकाशाने लिहिले आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी प्रकाश कसा वागतो, हे प्रयोग करून तपासले. ऐकलेल्या गोष्टीवर ते थांबले नाहीत. आज चंद्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे.

मुलांनो, तुमच्याजवळ लेन्स नसेल. त्याने काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यात सातव्या संध्याकाळी वही आणि पेन्सिल घेऊन गच्चीवर जा. चंद्रावर जे काळे डाग तुम्हांला दिसतील, तेवढेच काढा. जे दिसले नाही, ते मनाने भरू नका. ते चित्र कसेही आले, तरी ते तुमचे आणि खरे असेल.