मागची बाजू आधी वाचा

वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घर रिकामं करताना माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली येतात आणि बरेचदा थेट रद्दीवाल्याकडे जातात. कुणीतरी लहानपणी च्युइंगमच्या पाकिटांतून जमवलेली क्रिकेटपटूंची चित्रं, काडेपेट्यांची लेबलं, देवादिकांच्या तसबिरी त्यांत असतात. माझी कळकळीची विनंती आहे: टाकण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि हे कागद कधीचे आहेत ते शोधा. त्याला तज्ज्ञ लागत नाही.

क्रिकेटपटूचं चित्र असेल तर चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. फोटो कितीही जुना वापरलेला असू शकतो. मागची आकडेवारी वाचा. समजा, गावसकरांच्या नावापुढे कसोटी शतकं ३० अशी नोंद आहे. तिसावं शतक त्यांनी डिसेंबर १९८३ मध्ये मद्रासला केलं आणि एकतिसावं डिसेंबर १९८५ मध्ये अ‍ॅडलेडला. म्हणजे ही आकडेवारी या दोन वर्षांतली. छपाई त्याआधीची असूच शकत नाही, फार तर थोडी नंतरची. अमेरिकेत बेसबॉलची जुनी कार्डं जमवणारेही हेच करतात. मागच्या तक्त्यात शेवटचा हंगाम कोणता ते पाहतात आणि कार्ड बहुधा पुढच्या वर्षाचं धरतात.

आकडेवारी नसेल तर किंमत आणि पत्ता बघा. किंमत आण्यांत असेल तर कागद बहुधा १९५७ च्या आधीचा. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधला. इंग्रजी पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे ४’ आहे की सहा आकडी पिनकोड? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. मात्र तो नाही म्हणून कागद त्याआधीचाच, असं समजू नका. जुने ठसे छापखाने वर्षानुवर्षं वापरत.

रवी वर्म्यांच्या तसबिरींबाबत तर हमखास फसगत होते. चित्रकार १९०६ मध्ये गेले, पण त्यांच्या छापखान्यातून चित्रं पुढेही निघत राहिली. हा छापखाना आधी घाटकोपरला होता, १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तळाशी बारीक अक्षरांत ‘कार्ला-लोणावळा’ असेल तर ती प्रत घाटकोपरची नव्हे, एवढं पक्कं.

एकच वर्ष सापडायला हवं असा हट्ट नको. ‘१९८३ नंतर’ हेही उत्तरच आहे. ते वेगळ्या पाकिटावर पेन्सिलीने लिहा, कशावरून ठरवलं तेही लिहा आणि कागद पाकिटात ठेवा. लॅमिनेशन मात्र कृपा करून करू नका, ते पुन्हा निघत नाही. ज्यांनी हे जमवलं ते आजी-आजोबा, काका-आत्या हयात असतील तर आधी त्यांना विचारा.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हाचं काही तुमच्याकडे असेल, तर त्याच्या पाकिटावर तारीख आजच घाला.