अकरा किलोची जड वस्तू

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा सिस्टरनी कागदावरच्या एका ओळीखाली पेनानं दोनदा रेघ ओढली: जड वस्तू उचलू नये. जड म्हणजे किती, असं मी विचारलं. "हे बाळ तेवढं उचला, त्याच्याहून जड काही नाही. दीड महिना." मी मान डोलावली. १०२ च्या गाडीनं आम्हाला धाड गावात घरापाशी सोडलं, तर दारातच जड वस्तू उभी. अडीच वर्षांची. सात दिवस आई दिसली नव्हती, त्यामुळे दोन्ही हात वर.

तिचं वजन मला नेमकं ठाऊक आहे. अंगणवाडीत दर महिन्याला होतं. ११ किलो २०० ग्रॅम.

पहिल्या सिझरला मी माहेरी होते. आई उठवायची, आई बसवायची, मी नुसती बाळंतीण. दुसऱ्या खेपेला बाळंतीणही मीच आणि कुणाची तरी आईही मीच. त्यात दिवस सोयाबीन सोंगणीचे. मालक काळी-पिवळी चालवतात, सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि गाडी हलल्याशिवाय घर चालत नाही. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पहाटे भाकरी थापून शेतात निघायच्या आणि जाताना बजावायच्या, "पोरीला अंगावर येऊ देऊ नको वं, टाके उसवतील." मला कळायचं. पोरीला कोण सांगणार?

आमच्याकडे बाळंतिणीला बाज देतात. ज्यानं बाज शोधली त्याचं पोट कधी कापलेलं नसावं. मधे झोळ पडलेला, त्यातून सरळ उठायला गेलं की सगळा ताण टाक्यांवर. कुशीवर व्हायचं, कोपर रोवायचं, पाय आधी खाली सोडायचे, मग श्वास धरून वर यायचं. खोकला आला तर पोटाशी उशी घट्ट दाबायची. एवढं सगळं करून मी बसते न बसते, तोच थोरली धावत यायची आणि तिचा गुडघा बरोबर टाक्यांवर. डोळ्यांपुढे काजवे म्हणतात ते मी मोजलेत. शेवटी एक पाट भिंतीशी उभा केला. मी बसले की पाट आडवा टाकायचा, त्यावर चढून तिनं आपणहून माझ्या शेजारी यायचं. उचलणं बंद, चढणं सुरू. चार दिवसांत शिकली. पण रात्री झोपेतून रडत उठली की पाट कुणाला सुचतो? तेव्हा मी तिला उचललं. दोनदा. कागदावरची ओळ मोडली, हे इथं कबूल करते.

सिझरबरोबर माझं ऑपरेशनही झालं. आमच्या भागात नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की कोणतं, हे कुणी विचारत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं हे नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आढळलं. नवऱ्याचं झालेली जोडपी शंभरात एकही भरत नाहीत, आणि त्यांच्या ऑपरेशनला तर पोट उघडावंही लागत नाही! असो. माझा मुद्दा वेगळा आहे. हे ऑपरेशनच मुळी लेकुरवाळीचं. तिच्या घरी कडेवरचं लेकरू असणार हे सरकारला, डॉक्टरांना, आशाताईंना आधीपासून ठाऊक असतं. तरी कागदावर ओळ येते ती एकट्या बाईला उद्देशून. उचलू नये. मग उचलायचं कुणी?

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, गाडी, सगळं फुकट आहे. सिझरवालीला सात दिवस जेवणही मिळतं. आशाताई सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाचदा घरी येतात, झोळीच्या काट्यावर बाळ तोलतात, ताप बघतात. आमच्या आशाताईंनी माझे टाकेही पाहिले. फक्त थोरलीसाठी त्यांच्या फॉर्मवर रकाना नाही. अंगणवाडीतही तिला घरी न्यायचा आहार मिळतो, बसायची जागा तीन वर्षं पुरी झाल्यावर. मातृत्व लाभाच्या कायद्यात या ऑपरेशनसाठी दोन आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती नोकरीवालीला. सोंगणीला जाणाऱ्या बाईनं रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, मुकादमाकडे?

लेकरं सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे या देशाच्या कायद्यानं एकदा मान्य केलेलं आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं आली तर एका बाईला त्यांच्यापाशी बसवायचं आणि तिला तेवढीच मजुरी द्यायची. मातीकामाच्या खड्ड्यापाशी जे पटलं ते बाळंतिणीच्या दारात पटायला काय हरकत आहे? पोटाचं ऑपरेशन झालेल्या आणि घरात लहान लेकरू असलेल्या बाईकडे दिवसातून चार तास गल्लीतलीच एखादी बाई यावी, पोरीला न्हाऊ घालावी, कडेवर घेऊन फिरवावी, पाण्याचे हंडे भरावेत, आणि बेचाळीस दिवस तिला सरकारनं मजुरी द्यावी. सासूबाईंची सोंगणी बुडत नसेल तर त्यांनाच द्या की. आणि सुट्टीचा कागद देताना नवऱ्याला समोर उभं करा. जड वस्तू कोण उचलणार, त्यापुढे त्याचं नाव लिहून सही घ्या.

आमच्या मालकांनी असली सही केली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मला घेरी आली, तेव्हा कुठं ते सकाळची पहिली फेरी सोडून घरी थांबू लागले. पोरीच्या वेण्या अशा घालायचे की अंगणवाडीताईंनी विचारलं, हिला कुणी मारलं का? पण तिला ते पाठुंगळी घेऊन गावभर हिंडायचे. आता ती हात वर करते ते आधी बापाकडे बघून.