पैनगंगा ओलांडली की कुळ कायदा बदलतो! एकाच महाराष्ट्रात तीन कायदे कसे?

हिंगोलीतून पैनगंगा ओलांडून वाशिम किंवा यवतमाळ जिल्ह्यात गेलं, तरी राज्य तेच राहतं आणि सातबाराही तसाच. कुळाच्या जमिनीचा कायदा मात्र बदलतो. हिंगोलीत चालतो १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. पलीकडे विदर्भासाठीचा १९५८ चा. पुणे-नाशिककडे तिसराच, मूळ मुंबई राज्याचा १९४८ चा.

या गोष्टीची सुरुवात १ नोव्हेंबर १९५६ ला होते. त्या दिवशी हैदराबाद राज्यातला मराठवाडा, मध्य प्रदेशातला विदर्भ, शिवाय सौराष्ट्र आणि कच्छ मुंबई राज्याला जोडले गेले. मराठी आणि गुजराती माणसांचं एक राज्य झालं, पण कायदे प्रत्येकाचे वेगळे. ते एका रात्रीत एक होणार नव्हते. म्हणून राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने सोय केली: विधिमंडळ बदल करेपर्यंत ज्या भागात जो कायदा, तोच चालेल.

महसुलाच्या बाबतीत हा बदल झाला. निजामाच्या काळातला १३१७ फसलीचा, मुंबईचा १८७९ चा आणि मध्य प्रदेशचा १९५४ चा, असे तिन्ही कायदे बाजूला सारून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू आहे.

मग कुळ कायदाच का राहिला? कारण महसूल कायदा मुख्यतः सारा आणि नोंदी बघतो, कुळ कायदा मात्र थेट मालक ठरवतो. जुन्या मुंबई भागात कुळं मालक होण्याचा 'कृषक दिन' १ एप्रिल १९५७, विदर्भात १ एप्रिल १९६१. मराठवाड्यात तर 'संरक्षित कुळ' हा वेगळाच वर्ग, त्यांच्या मालकीसाठी कलम ३८-ई. हे सगळं एका साच्यात घालायचं म्हणजे मिटलेले हक्क पुन्हा उकरायचे. तो धोका कोणत्याच सरकारला परवडणारा नव्हता.

याची किंमत अशी, की एक सवलत द्यायची तरी तीन कायदे दुरुस्त करावे लागतात. २०१४ मध्ये तेच झालं. कुळ कायद्याने मिळालेल्या जमिनीला दहा वर्षं झाली असतील, तर आकारणीच्या ४० पट नजराणा भरून, काही अटींवर, ती पूर्वपरवानगीशिवाय विकता येते. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ यासाठी 'कलम ४३' सांगतात. विदर्भात ते कलम ५७ आहे. हिंगोलीतल्या शेतकऱ्याने मात्र अर्जात ५०-ब लिहायचं.