खडकाचा हिशेब कोण मांडतो?



डीएपीच्या गोणीतले स्फुरद खडकातून येते. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला असा खडक खणतात. तो पुरत नाही, म्हणून खडक आणि तयार डीएपी बाहेरून आणावे लागते. जगातल्या ज्ञात साठ्यापैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहे. पिकाला स्फुरदाऐवजी दुसरे काही चालत नाही. त्याच्याविना बोंड भरत नाही आणि कणीसही भरत नाही.

हल्ली कापसाच्या कपड्याचाही शेतापासून चिंधी होईपर्यंतचा पर्यावरणाचा हिशेब मांडतात. त्यात एक रकाना असतो : खनिजे किती संपवली? तो भरण्याची एक रूढ पद्धत नेदरलँड्समधील लायडेनच्या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडली. वर्षाच्या उपशाला साठ्याच्या वर्गाने भागायचे आणि अँटिमनी या धातूला १ धरून तुलना करायची. युरोपीय संघाच्या पद्धतीतही हेच सूत्र आहे. पण साठा कोणता धरतात? खाणीतला नव्हे, पृथ्वीच्या सबंध कवचात विखुरलेला! कवचात स्फुरद पुष्कळ, म्हणून किलोभर स्फुरदाला किलोभर अँटिमनीच्या लाखाव्या हिश्शाइतकेही वजन मिळत नाही. समुद्रात पाणी आहे, तेव्हा नांदगाव-येवल्यात दुष्काळ नाही, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

बरे, खाणीतला साठा धरला तर? २०११ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने मोरोक्कोचा साठा ५७० कोटी टनांवरून ५,००० कोटी टन केला. जमिनीतला खडक होता तेवढाच होता. बदलली ती मोजणी. उलट २००७-०८ मध्ये साठा संपला नव्हता, तरी खडकाचा भाव टनाला सुमारे ५० डॉलरवरून ४०० च्या पुढे गेला. शेतकरी मरतो तो खाण रिकामी झाल्यावर नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, भावाने. आपल्या सरकारने २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद-पालाशाच्या खतांवरचे नियंत्रण उठवले आणि युरियावरचे ठेवले. युरिया स्वस्त, बाकीचे महाग. त्या असमतोलाची किंमत जमिनीने मोजली.

आम्ही म्हणतो, खाणीबरोबर शेतही मोजा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. बाकीचे मातीत अडकून बसते. रुईत खनिज जवळजवळ नसते. ते असते सरकीत. सरकी तेलघाण्यावर जाते. तिची पेंड आपल्याच गोठ्यात आली, तर शेणातून स्फुरद रानात परतते. ज्वारीच्या कडब्याचेही तेच. पऱ्हाटी चुलीत जळाली तरी राखेत स्फुरद-पालाश उरते, आणि ती राख आपण उकिरड्याबाहेर फेकतो. खनिज नष्ट होत नाही, ते विखुरते. विखुरलेले गोळा करणे हीच खरी बचत. ती बचत करणाऱ्याच्या नावावर मात्र त्या रकान्यात काहीच जमा होत नाही.

१९८० च्या कांदा आंदोलनात नाशिक जिल्ह्याने दाखवून दिले की उत्पादनखर्च कोण मांडतो यावर भाव ठरतो. हा हिशेबही तसाच आहे. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या दोन मागण्या आहेत. एक, कापसाच्या पर्यावरणाच्या हिशेबात खाणीतला हाती येणारा साठा धरावा आणि शेतात परत आलेले खनिज वेगळे मोजावे. दोन, खरेदीदार अशा हिशेबावर माल निवडणार असेल, तर त्या परत आणलेल्या खनिजाचे दाम कापसाच्या भावात मिळावेत.

आपल्या बाजूचे कामही आहे. मातीची तपासणी करा, खत फेकू नका, बियाण्याजवळ पेरून द्या, राख आणि शेणखत रानात न्या. आणि प्रत्येक गावाने एका एकराची वही घालावी : किती गोण्या आल्या, किती क्विंटल माल गेला, किती गाड्या खत परतले. वही आपली असेल तरच उद्या दुसऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवता येईल.