नोंदीत नसलेलं काम

आपल्या गावातल्या कितीतरी लेकी-सुना आज हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आहेत. काही जणी तर घरूनच लॅपटॉपवर काम करतात. त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून 'डेडलाइन', 'मीटिंग', 'टास्क' हे शब्द आपल्या कानांना सरावाचे झालेत. आता त्यात 'एआय'ची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. 'आमचं निम्मं मॅनेजमेंट आता एआयच करतं' असं त्या म्हणतात, तेव्हा नेमकं काय होतं हे आपणही समजून घ्यायला हवं.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट आपल्याला परकं नाही. घरचं लग्नकार्य आठवा. मुहूर्त ठरलेला, आणि पत्रिका छापून आल्या नाहीत की आमंत्रणं रखडलीच! सॉफ्टवेअरचंही तसंच. कोणी काय करायचं, कधीपर्यंत, कोणाचं काम कोणावाचून अडलंय, हे सगळं 'जिरा'सारख्या प्रणालीत लिहिलेलं असतं. एआय ते वाचतं, मोठ्या कामाचे छोटे भाग पाडून देतं, जुन्या नोंदींवरून कुठे उशीर होईल याचा अंदाज सांगतं. मायक्रोसॉफ्टचं 'कोपायलट' २०२३ मध्ये कंपन्यांना मिळू लागलं. मीटिंगमध्ये कोण काय बोललं, कोणी कोणतं काम अंगावर घेतलं, याचा गोषवारा ते लगेच हातात ठेवतं.

यात बायकांचा फायदाच आहे, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जे काम करायलाच हवं, पण ज्याने बढती मिळत नाही, त्यासाठी स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात बायकाच जास्त वेळा पुढे येतात, असं त्यात दिसलं. गटात सगळ्या बायकाच किंवा सगळे पुरुषच असले, की हा फरक उरत नव्हता! मीटिंगचं टिपण लिहिणं हे असंच काम. ते यंत्राने घेतलं तर बरंच झालं.

पण मैत्रिणींनो, खरी मेख पुढेच आहे. एआय नोंदीवर चालतं. नव्या मुलाला शेजारी बसवून शिकवलं, चिडलेल्या ग्राहकाची समजूत काढली, दोघांतलं भांडण मिटवलं, यातलं काहीच 'टास्क' म्हणून लिहिलं जात नाही. संकोचापोटी एखादी 'होईल' म्हणाली, तर यंत्र 'होईल' एवढंच लिहिणार; तिचा पडलेला आवाज त्याला कळेलच असं नाही. उद्या साहेबांनी याच नोंदी पाहून कोणी किती काम केलं ते ठरवलं, तर तिचा दिवसभराचा राबता दिसणारच नाही.

हे दुखणं आपल्याला नवं आहे का? बचत गटाच्या वहीत हप्ता लिहिला जातो, पण बँकेत तीन खेपा कोणी घातल्या ते लिहिलं जात नाही. घरकामाचंही तेच होतं. सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८, असं तिने दाखवलं. मोजलं, म्हणून दिसलं!

म्हणून लेकी-सुनांना माझं सांगणं आहे. शिकवण्याचं, समजावण्याचं कामही 'टास्क' म्हणून लिहा, त्याचे तास मांडा. यंत्राने केलेलं टिपण वाचल्याशिवाय पुढे पाठवू देऊ नका, यंत्रही चुकतं. पगारवाढीचा निर्णय माणसानेच घ्यावा आणि त्याची कारणं सांगावीत, असा आग्रह धरा. त्यात भांडखोरपणा नाही, हिशेब चोख ठेवणं आहे.

आणि आपण घरातल्यांनीही 'दिवसभर नुसती लॅपटॉपसमोर बसलेली असते' असं म्हणणं सोडू या. तिच्या कामाची पहिली नोंद निदान आपल्या घरात तरी व्हायला नको का?